नेकनूर रस्त्यावरचा बेवारस खांब

"बाईंनी खांबाला हात लावलाच कशाला?" कंपनीच्या मॅनेजरनं मला भर रस्त्यात विचारलं.

माझी अशील कांताबाई शेजारीच उभी होती. ती नेकनूरला भाजी विकते. एसटीची वाट बघताना या लोखंडी खांबाला टेकली आणि शॉक बसला. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. वर या कंपनीचा वायरलेस इंटरनेटचा डबा होता. खांबाला अर्थिंगच नव्हतं. म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवायची तारच कुणी जोडली नव्हती.

"टेकले साहेब, चोरी न्हाई केली," कांताबाई म्हणाली. "कावून असं बोलता?"

बीडच्या कोर्टात आम्ही भरपाईचा दावा लावला होता. आज पाहणी होती. कोर्टानं त्यासाठी एक वकील कमिशनर म्हणून नेमले होते. दिसेल आणि ऐकू येईल ते लिहून कोर्टाला द्यायचं, हे त्यांचं काम.

कमिशनरनी विचारलं, "खांब कुणाचा?"

"रस्ता बांधकाम खात्याचा. खांबही त्यांचाच असणार," मॅनेजर म्हणाला.

खात्याचे इंजिनिअर उसळले. "आम्ही फक्त परवानगी दिली. पुढचं कंपनीनं बघायचं."

"मेंटेनन्स ठेकेदाराकडे आहे," मॅनेजरनं हात झटकले.

ठेकेदार फोन उचलत नव्हता. कांताबाई पदराखाली हात लपवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माझं डोकं फिरलं.

समोर वेल्डिंगचं दुकान होतं. मी खांबापासूनच ओरडले, "दादा, कटर आणा! हा खांब बेवारस आहे. कापून भंगारात घाला."

"लाइन बंद हाय ना, ताई?" त्यानं विचारलं.

"अपघातानंतर तोडली आहे. या."

तो खरंच कटर घेऊन निघाला. मॅनेजर आडवा आला. "मॅडम, हात लावाल तर पोलीस केस करीन! कंपनीची प्रॉपर्टी आहे ही!"

"पुन्हा बोला," मी म्हटलं. "साहेब लिहून घेतायत."

तो फोन काढून बाजूला गेला. पण कमिशनरनी एकदाच ऐकलेलं पुरेसं होतं.

निकालात कोर्टानं कंपनी आणि खातं, दोघांनाही जबाबदार धरलं. परवानगी देणाऱ्यानं नंतर डोळे मिटून बसायचं नसतं, असं न्यायाधीशांनी खात्याला सुनावलं. कंपनी अपिलात गेली आणि तिथंही हरली. कांताबाई आता डाव्या हातानं तराजू धरते. मॅनेजरची बढती झाली, असं ऐकलं. माझा राग अजून गेलेला नाही.

ज्युनिअर वकिलांना मी एवढंच सांगते: रस्त्यावरच्या वस्तूचा मालक सापडत नसेल, तर ती उचलायला लागा.