चकचकीत टायर आणि माझा संशय

मैत्रिणींनो, उद्या राहात्याहून लेकीला बाळंतपणासाठी आणायचंय. म्हणून आज आम्ही दोघं केडगावला गाडीसाठी स्वस्तातले टायर घ्यायला गेलो.

दुकानदाराने जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर दाखवले. हात लावला तर तळवा काळा झाला.

"भाऊ, यांना काळं कशाला फासलंय?"

"गिऱ्हाइकाला चमक आवडती, वहिनी. माल लई मजबूत हाय."

"यांच्यावर तुमच्या गरोदर सुनेला बसवाल?"

तो हसला. "आमची सून येष्टीनंच फिरती!"

हेही हसले आणि टायर बसवून घेतले. मला मात्र हसू आलं नाही. तो नुसतं 'हो' म्हणाला असता तरी चाललं असतं.

उद्या मी लेकीला येष्टीनेच आणणार आहे. हे रुसलेत. मी उगाच शंका घेतेय का गं?