बारवीकाठी धामणीच्या धनुष्याला वाक देताना

भोईरकाकांचा फोन आला तेव्हा वैशालीवहिनी मेथी निवडत होती आणि मी तिच्या उल्हासनगर कॅम्प पाचच्या घरी, खिडकीशी चहा घेऊन बसले होते. "हो काका" एवढंच ती दोनतीनदा म्हणाली. फोन ठेवून पुन्हा मेथीकडे वळली. जुडी संपल्यावर म्हणाली, "तुझ्या दादाचं लाकूड वाळलंय म्हणे. जास्त ठेवलं तर कीड लागेल. काय करायचं विचारतायत."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, जाऊन वर्ष उलटलं होतं. झोपेतच गेला. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतले बरेचसे रविवार बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला भोईरकाकांच्या अंगणात गेले. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते, निवृत्तीनंतर गावच्या घरी राहायला गेले आणि लाकडाची धनुष्यं करायला लागले. दादा त्यांच्या नादी लागला. काकांच्या बांधावरचं धामणीचं एक झाड वादळात पडलं होतं. त्याचा एक सरळ तुकडा दादाने फोडला, ओबडधोबड तासला आणि वाळायला ठेवला. पुढचं राहून गेलं.

"जाऊन घेऊन येऊ," वहिनी म्हणाली. "आहे तसंच. भिंतीवर लावेन."

एवढं ठरवून आम्ही एका शनिवारी सकाळी तिच्या स्कूटरवर निघालो.

तुम्हाला या रस्त्याने जायचं असेल तर थंडीत जा आणि उन्हं वर यायच्या आत निघा. कॅम्प पाचमध्ये सिंधी दुकानांत सकाळी दाल-पकवान मिळतं. कुरकुरीत पकवानावर चण्याची डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. तेवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही. अंबरनाथपर्यंत गर्दी असतेच. पेट्रोल बदलापुरात भरून घ्या, पुढे भरवसा नाही. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीचा पूल ओलांडला आणि जणू कुणी आवाजाचं बटण फिरवलं. धुकं नदीवरून उठून रस्त्यावर आलं होतं. मागच्या उंच इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते, खाली काहीच नाही. भात कापून झालेल्या खाचरांत वाल पेरलेला होता, त्याच्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांवर दव होतं. वहिनीने स्कूटर इतकी हळू केली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. दोघींपैकी कुणालाच घाई नव्हती. खरं म्हणजे पोचूच नये असं मला वाटत होतं.

काकांच्या घराला पाटी नाही, पण लांबून ओळखता येतं. अंगणालगत घेवड्याचे वेल आहेत आणि ते चढलेत मोडक्या धनुष्यांवर. कुणाचं टोक गेलेलं, कुणी मधोमध दुभंगलेलं, आणि सगळ्यांवर शेंगा लोंबतायत.

"ह्यांनी दर वर्साला एवढी मोडायची आन मी त्यांच्यावर घेवडा चढवायचा," काकू आम्हाला पाणी देत म्हणाल्या. "बसा गो. भूक लागली असंल."

काका आतून दादाचं लाकूड घेऊन आले. मी पहिल्यांदाच पाहत होते. मधाच्या रंगाची, मनगटाएवढी जाड, लांब पट्टी. मध्ये मूठ, तिच्या दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली दोन पाती. आतल्या बाजूवर पेन्सिलने, दादाच्या त्या तिरक्या अक्षरात तीन शब्द होते. मधे 'मूठ', एका पात्यावर 'वर', दुसऱ्यावर 'खाली'.

वहिनी 'वर'वरून बोट फिरवत राहिली.

"आम्ही हे असंच घेऊन जाऊ म्हणतोय," मी काकांना म्हटलं.

"तुमचंच आहे, न्या की," काका म्हणाले. मग त्यांनी ते वहिनीच्या बाजूला उभं धरलं. टोक तिच्या डोक्याच्या जरासं वर आलं. "उंचीवर माप असतं याचं. तो तर केवढा ताड. त्याला हे आखूडच पडलं असतं. मी म्हटलं पण होतं, अरे, लाकूड आहे तेवढं लांब ठेव. तर म्हणाला, नको काका, हे वैशालीच्या मापाचं करतोय."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिने लाकूड काकांच्या हातून आपल्याकडे घेतलं.

"पुढे काय करायचं असतं?" वहिनीने विचारलं.

पुढे काय करायचं असतं ते थोडक्यात सांगते. बाणाच्या दिशेला असते ती धनुष्याची पाठ. तिथे लाकडाचे लांबच लांब धागे अखंड असतात, तिला हात लावायचा नाही. आपल्याकडे असतं ते पोट, तेच खरवडायचं. दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत आणि प्रत्येक पातं सगळीकडून थोडं थोडं वाकलं पाहिजे. एकाच जागी वाकलं तर तिथेच मोडतं. जिथे ताठ आहे तिथून लाकूड काढायचं, जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

ती दुपार कानस मारण्यात गेली. वहिनी उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात कटिंगला आहे, दिवसभर कात्री चालवते. तिच्या हाताला लय लगेच सापडली. टोक जमिनीवर टेकवून मूठ हलकेच दाबायची, पातं कितपत लवतंय ते बघायचं, पुन्हा कानस. मी सागाच्या सावलीत पडून तो आवाज ऐकत होते. खर्र, खर्र, मग थांबणं. मध्येच डोळा लागला. जागी झाले तेव्हा ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं, वहिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळ्या भुशाने माखले होते आणि ती काकांना दादाच्या खोड्या विचारत होती. म्हणजे काका सांगत होते, ती फक्त "मग?" म्हणत होती.

संध्याकाळी पाण्याकडे चालत गेलो. धरणाच्या भिंतीकडे जाऊ देत नाहीत, जाऊही नका. पण रस्त्याच्या एका वळणावरून जलाशय दिसतो. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडचा डोंगर वर जेवढा होता तेवढाच खाली होता. मोबाइलला रेंज नव्हती. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. काकूंनी वहिनीच्या ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकली आणि तिनेही निमूट खाल्ली.

रात्री तिथेच मुक्काम केला आणि रविवारी सकाळी धनुष्याला लांब दोरी चढवली. पडवीच्या भिंतीला एक उभा वासा ठोकलेला आहे. वर खाच, त्यात मूठ बसवायची, खाली कप्पी. कप्पीतून रस्सी घेऊन दोरी खाली ओढायची आणि लांब उभं राहून वाक बघायचा. रस्सी माझ्या हातात दिली. वहिनी अंगणात दूर जाऊन उभी राहिली.

"ओढ हळू. बस."

तिने डोळे बारीक केले. "खालचं पातं वाकतंय. वरचं झोपलंय नुसतं. पँटीचा एक पाय आखूड शिवल्यासारखं दिसतंय."

"बरोबर," काका म्हणाले. "आता कुठे ताठ आहे तिथे खूण कर."

तिच्या पर्समध्ये शिंप्याचा खडू होताच. ती स्टुलावर चढून खुणा करायला लागली. दोन इकडे, एक टोकाकडे. मध्ये मात्र एका जागी खडू थांबला. तिथे 'वर' लिहिलेलं होतं; आदल्या दिवशी कानस त्याला चुकवूनच फिरली होती.

"इथलं नको," ती म्हणाली. "आजूबाजूचं काढते."

तिने आजूबाजूचं काढलं. मी ओढलं. पातं थोडं हललं, पण त्या शब्दापाशी तसंच सरळ. पुन्हा खरवडलं, पुन्हा ओढलं. खालचं पातं जास्तच वाकायला लागलं होतं. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. माझ्या हातून रस्सी सुटली. वहिनी धावत आली. काकांनी लाकूड उतरवून उजेडात धरलं आणि अंगठा पाठीवरून सावकाश फिरवत नेला.

"काही नाही. दोरीची गाठ खाचेत सरकली," ते म्हणाले. मग खाली बसले. "वैशाली, असंच ओढत राहिलो तर खालचं पातं जाईल. खालच्याने किती दिवस दोघांचं ओझं ओढायचं? तुला थांबायचं असेल तर इथेच थांबू. भिंतीवर छान दिसेल."

वहिनी उंबऱ्यावर बसली. काकूंनी चहा आणला, तो तिच्या हातात निवून गेला. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मग आपण घरी जाऊ. पण ती उठली, काका शेवटचा हात फिरवायला वापरतात तो फुटक्या काचेचा तुकडा उचलला, धनुष्य मांडीवर घेतलं आणि 'वर'मधल्या 'र'च्या त्या तिरक्या शेपटीपासून खरवडायला लागली. काचेखालून पातळ, गुंडाळलेल्या ढलप्या निघत होत्या. एकीवर पेन्सिलची राखाडी रेघ होती. मी ती उचलली.

"राहू दे गं," ती न बघता म्हणाली. मी सोडून दिली. वारा तिला घेवड्याकडे घेऊन गेला.

अक्षर गेलं. खाली लाकूड ताज्या दुधासारखं होतं. मी पुन्हा रस्सी ओढली, आणि या वेळी वरचं पातं सावकाश, झोपेतून उठल्यासारखं, खाली आलं. दोन्ही बाजू एकदमच वाकत होत्या. डोंगराच्या दोन उतारांसारखा गोल वाक. कुणीच "बस" म्हटलं नाही, मीच थांबले.

दुपारी खाचरात पेंढ्याची गंजी समोर ठेवून तिने पहिला बाण सोडला. तो गंजीच्या बराच वरून गेला, उन्हात एकदा चमकला आणि वालात कुठेतरी पडला. "अगं बाई!" वहिनी म्हणाली आणि हसायला लागली. ते हसू मी विसरले होते. बाण शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. दुसरा गंजीच्या कडेला लागला.

काकांनी निघताना एकच बजावलं, काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. लाकडालाही आडवं व्हावंसं वाटतं. ते शिकवणी घेत नाहीत, म्हणून पत्ता देत नाहीये; रागावू नका. आमचा खर्च म्हणाल तर पेट्रोल, दाल-पकवान आणि काकूंसाठी नेलेली मिठाई. परतताना मी मागे बसून धनुष्य उभं धरलं होतं. बदलापूरच्या सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, शूटिंग है क्या?" वहिनी म्हणाली, "हां भाई, सही पकडा."

मी ठाण्याला घरी आले. माझ्या केसांत धामणीचा भुसा होता आणि बोटांना रस्सीचे वळ. काय घेऊन आले म्हणाल तर नक्की सांगता येणार नाही. दादाचं ते 'वर' मात्र आता कुठेच उरलेलं नाही, आणि त्याचं मला जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. खांदा इतका भरून आला होता की कारखान्यात कात्री उचलेना. बायकांनी विचारलं, काय झालं. मग जेवणाच्या सुट्टीत ती सांगत बसली. दादाचे रविवार, वादळात पडलेलं झाड, तो कसा बाहेरून येऊन भुशासकट गादीवर पडायचा, सगळं. डबा तसाच राहिला म्हणाली.

"दोघी म्हणतायत, आम्हाला पण ने," ती म्हणाली. "त्यातली एक डावखुरी आहे. डावखुऱ्यांचं धनुष्य वेगळं असतं का गं?"

मी म्हटलं, काकांना विचार.