नवशा जेलात शेतकरी झाला

काल्हेरजवळच्या पूर्णा गावच्या नवशानं शेतात कधी पाय ठेवला नव्हता, पण शेताच्या बांधावरून भांडायला तो कायम पुढे. बापाची बरीचशी जमीन गोदामांखाली गेलेली. नवशा दिवसभर मोटारसायकल पुसायचा आणि लोकांना आपण शेतकरी असल्याचं सांगायचा. शेवटी हातभर बांधासाठी त्यानं चुलतभाऊ महादूच्या डोक्यात फावडं घातलं. महादू वाचला. नवशाला सात वर्षांची सजा झाली.

पहिली काही वर्षं बंद बराकीत गेली. मग वागणूक सुधारली म्हणून त्याला खुल्या कारागृहात पाठवलं. तिथे कैदी शेती करायचे.

"शेती कोणाला येते?" शिपायानं विचारलं.

नवशाचा हात सगळ्यांच्या आधी वर. "खानदानी शेतकरी हाय मी!"

खानदानी शेतकऱ्यानं पहिल्याच दिवशी मेथीचा कोवळा वाफा खुरपून साफ केला आणि गवत तेवढं जपून ठेवलं. शेजारी काम करणारा परभणीकडचा म्हातारा कैदी रामनाथ पोट धरून हसला.

"खानदान कुणाचं रे तुझं? बकऱ्याचं?"

नवशाची मूठ वळली. पण हात उचलला तर परत बंद बराक, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मूठ सोडली.

"मग शिकव ना," तो गुरगुरला.

रामनाथनं शिकवलं. तरी नवशानं वांग्याची पहिली रोपं मारलीच. मूळ धरलं का, हे बघायला तो ती रोज उपटायचा. पुढच्या खेपेला मात्र त्यानं दम धरला, आणि झाडं वांग्यांनी लगडली. बायको सुकन्या भेटायला आली, तर स्वारी पोरीची चौकशी करायच्या आधी वांग्यांवरच घसरली.

"मना वाटलं तुमी रडत असाल," सुकन्या म्हणाली. "इथं तर वांग्यांचं बारसं चाललंय!"

शिक्षेत सूट मिळून तो घरी आला. गोदामात वॉचमन म्हणूनही कोणी ठेवून घेईना. उरलेला जमिनीचा तुकडा वकिलापायी विकलेला. गावात पडीक शेत होतं ते महादूचं. डोक्याला मार बसल्यापासून त्याला ऊन सोसत नव्हतं.

बरेच दिवस नवशा त्या घरावरून नुसताच पुढे जायचा. एका सकाळी आत शिरला. महादू ओट्यावर बसला होता.

"काय रं, बांध मोजाला आलास?"

"न्हाय. बांध तुझाच हाय. तुझं शेत मना कसू दे. निम्मं पीक तुझं."

"आनि कसशील कशानं? हात तर रिकामे हायत."

"तुझ्या दारात हत्यार घेऊन कसा येऊ?" नवशा म्हणाला. "माझ्या हातनं लय वाईट झालं, महादू."

महादूनं डोक्यावरच्या जुन्या खुणेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "भेंडी लाव. वांगी मना न्हाय सोसत."

आता काल्हेरच्या रस्त्याला नवशा-सुकन्याची भाजीची पाटी असते. महादू अजून नवशाच्या घरी जेवत नाही, पण शेतावर येऊन सावलीत बसतो आणि प्रत्येक कामात खोट काढतो. नवशा ऐकून घेतो. गिऱ्हाइकांना मात्र तो सोडत नाही. गोदामातला हमाल पाव किलो भेंडी मागतो आणि नवशा त्याला बियाण्यापासून सगळी हकिकत सांगायला लागतो, तीही मोडक्यातोडक्या हिंदीत.

"जाऊ द्या त्याला," सुकन्या ओरडते. "शिफ्ट हाय त्याची!"