पिवळा पट्टा आणि माझी तीन पत्रकं

माझ्या बहिणीच्या दिरांइतका निरुपयोगी आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा झाला नसेल. हे मी हेव्यानं लिहितो आहे. ज्यानं बेगारीविरुद्ध आणि मालगुजार जमीनदारांविरुद्ध पत्रकं लिहिली, त्यानं स्वतःच्या मनातली गोष्ट गुळात घोळून का सांगावी? चळवळीच्या कामासाठी मी नागभीडला बहिणीकडे राहायला आलो, तेव्हा मला तिच्या या दिरांच्याच खोलीत जागा मिळाली. गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणे, मी नुसतं भाऊ म्हणू लागलो. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवत, झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवत, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसातल्या बहुतेक वेळात, पाहत बसत. काय पाहत याला काही नियम नव्हता. एकदा बहिणीनं त्यांना बाजारातून मीठ आणायला पाठवलं तर ते वांग्यांनी भरलेल्या एका बैलबंडीच्या मागोमाग चालत थेट तीन कोसांवरच्या गावात पोचले. ओल्या वांग्यांवर सकाळचं ऊन पडलं होतं आणि बंडी हलली की जांभळा रंग काळा होई, पुन्हा जांभळा होई, एवढंच त्यांचं कारण. संध्याकाळी परत आले ते मिठाशिवाय. बहीण रागावली नाही. माझ्या हातून मीठ राहिलं असतं तर चळवळीसकट माझा उद्धार झाला असता.

जेवायला बसले तरी तेच. भाताच्या ढिगावर वरण वाढलं की ते कुठवर पिवळं पसरतं आणि कुठं थांबतं हे पाहत बसायचे, मग ताटातली हिरवी मिरची उचलून जरा डावीकडे ठेवायचे, पुन्हा मान वाकडी करून पाहायचे. "जेवता का पाहूनच राह्यता, भाऊजी?" असं बहिणीनं विचारलं की मुकाट्यानं घास घ्यायचे, पण मिरची खायचे नाहीत, कारण ती जागेवर चांगली दिसत असे. खोलीत त्यांची वही नव्हती, कोरा कागद नव्हता. होत्या त्या जुन्या गाडग्यांच्या खापऱ्या. प्रत्येक खापरीत कुठली तरी माती, पळसाची वाळलेली फुलं, कुठल्या तरी विटेचा भुगा. माझ्या पुस्तकांना जागा लागते असं मी एकदा ठणकावून सांगितलं, तर त्यांनी पुस्तकं उचलून त्यांच्या पाठींच्या रंगांप्रमाणे लावून दिली. मला हवं ते पुस्तक त्यानंतर आठ दिवस सापडलं नाही. आणि खरं सांगतो, फळी इतकी देखणी दिसत होती की मोडवेना.

माझं पहिलं पत्रक चांद्याहून छापून आलं तेव्हा मी ते सगळ्यात आधी भाऊंच्या हातात दिलं. दोन्ही बाजूंनी भरगच्च मजकूर होता, एकही शब्द वाया घालवला नव्हता. भाऊंनी ते हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "काळं बहुत झालं, बापू. डोळ्याले बसाले जागाच नाई." मजकुराबद्दल एक अक्षर नाही. मी चिडून विचारलं की यात लोकांच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्यांची नावं आहेत, ती दिसली का? ते म्हणाले, दिसली, पण सगळे सारखेच दिसून राह्यले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जपून बोलू लागलो. जपण्याचं खरं कारण वेगळंच होतं. बाजारात मी बोलायला उभा राहिलो की माणसं ऐकत, माना हलवत आणि कोंबड्यांचा सौदा करायला निघून जात. भाऊ ब्रश घेऊन भिंतीपुढे नुसते उभे राहिले की तीच माणसं कोंबड्या काखेत धरून तासभर हलत नसत. त्यांना काही पटवावं लागत नव्हतं.

अशातच निस्ताराचं काम निघालं. मालगुजारी गेली होती, जंगल सरकारजमा झालं होतं, आणि कोणत्या गावानं कुठल्या जंगलातून घरचं सरपण नि बांबू आणायचा, त्या हक्काला निस्तार म्हणतात, त्याची नवी यादी व्हायची होती. त्यासाठी सरकारी साहेब डाकबंगल्यावर तीन दिवस मुक्काम करणार आणि गावोगावच्या लोकांची तोंडी हकीकत लिहून घेणार. प्रत्येक गावाला दिवस ठरवून दिलेला. ज्या गावानं दिवस चुकवला त्याचं नाव त्या सालच्या यादीत नाही, म्हणजे छप्पर गळलं तरी बांबू तोडायचा नाही. मी रात्रंदिवस खपून पत्रक लिहिलं, कायदा समजावला, शेवटी बारा गावांची नावं दिवसवार दिली, आणि गठ्ठा खांद्यावर टाकून गावं पालथी घातली. माणसं पत्रक दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि तंबाखू बांधायला ठेवून देत. बारा गावांत वाचता येणारे किती, हा प्रश्न मी माझ्या मनाला विचारला नव्हता. तो विचारला बहिणीनं, आणि मला नाही, भाऊंना विचारला.

बाजाराच्या तोंडाशी धान्याच्या गोदामाची लांब भिंत होती. ती मी पत्रकं लावायला मागून घेतली होती. भाऊंनी ती दोन दिवसांत भरून टाकली. झाडीतल्या घरांना बायका खालच्या अंगाला वीतभर रंगाचा पट्टा ओढतात आणि ज्या गावाची जशी माती तसा तो पट्टा. एका गावाचा गेरूचा लाल, एकाचा भाताच्या तणसाच्या राखेचा काळा, एकाचा लालावर पांढऱ्या टिंबांचा. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. भाऊंनी बारा गावांचे बारा पट्टे एकाखाली एक ओढले, त्या त्या गावच्या मातीनंच ओढले, आणि पुढे दिवस काढला. सुनावणीचा पहिला दिवस बाजाराचा, त्याला भरलेली टोपली, दुसऱ्या दिवसाला उपडी टोपली, तिसऱ्या दिवसाला टोपलीवर बसलेली कोंबडी. मी म्हणालो, कोंबडी म्हणजे तिसरा दिवस हे कोणाला कळणार? भिंतीशी उभ्या असलेल्या एका बाईनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाली, "दोन दिवस टोपली रिकामी राह्यली का कोंबडी बसतेच ना, बापू."

पुढचा बाजारभर त्या भिंतीपुढून गर्दी हटली नाही. बायका आपला पट्टा शोधत, त्यावर बोट ठेवत, कोणाची लाल माती चांगली यावर भांडत, आणि दिवस पाठ करून जात. माझी शंभर पत्रकं काखेत तशीच होती. बाजार उठल्यावर, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मी खळ घेऊन त्या भिंतीशी गेलो. भिंत मी मागितली होती, काम माझं होतं, बारा गावांची पायपीट माझी होती, असं सगळं मी स्वतःशी मुद्देसूद मांडलं. खालच्या कोपऱ्यात फिकट पिवळ्यासारखी एक रेघ होती, तेवढ्यावर मी तीन पत्रकं शेजारी शेजारी चिकटवली. मला ती नुसती किनार वाटली असं म्हणणं सोपं आहे. पण भाऊंनी तो पिवळा पट्टा ओढताना, नदीकाठच्या त्या गावात ही माती किती खोल खणावी लागते, हे माझ्याशेजारी बसून सांगितलं होतं. मी तेव्हा पुढच्या पत्रकाचा मथळा जुळवत होतो. अर्धं ऐकलं होतं. अर्धं म्हणजे पुरेसं होतं.

सुनावणीचे दोन दिवस दृष्ट लागावी असे गेले. गावंच्या गावं पहाटे निघून डाकबंगल्यावर हजर, साहेबही चकित. तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या गावाचा पुकारा झाला आणि कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. कारकुनानं पान उलटलं. भाऊ माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. ते उठून बाजाराकडे गेले आणि तासाभरानं परत आले. त्यांच्या नखांत भिजवून खरवडलेली खळ आणि कागदाचे कपटे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नदीकाठचं गाव दुसऱ्या दिवशी आलं. शेजारच्या गावाकडून त्यांना कळलं होतं. पुढे एक म्हातारी बाई होती, मागे वीस-पंचवीस माणसं. साहेबांचं सामान बंडीवर चढत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं, पण यादी बंद झाली होती, पुढल्या साली नाव घालू म्हणाले. मग बाई भाऊंकडे वळून म्हणाली, "मांगच्या बाजाराले आम्ही आलो नाई, या बाजाराले आलो, सगळ्यांचे पट्टे पाह्यले, आमचाच नव्हता. आम्हाले वाटलं आमचं गाव यात नाई. काऊन नव्हता आमचा पट्टा?"

मी तोंड उघडलं. सभेत मला कधी शब्द शोधावा लागलेला नाही. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "माझा रंग कच्चा निघाला, बाई. बाजाराआधीच्या शिंतोड्यात धुतल्या गेला."

"आमची माती त कधी जात नाई."

"मातीचा दोष नाई. मीच डिंक कमी घातला."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या माणसांकडे पाहिलं, आणि तिथंच खाली बसली. तिच्या घराचं छप्पर त्या वर्षी शाकारायचं होतं, हे मला मागून कळलं.

कच्च्या रंगाचा पेंटर हे नाव भाऊंना त्या दिवसापासून चिकटलं. नदीकाठच्या गावातल्या नाटकाचा पडदा दर साली त्यांच्याकडे असे, तो दुसऱ्या गावच्या पेंटरकडे गेला. पाट्याही कमी झाल्या. मी एकदा विचारलं की तुम्ही का सांगितलं नाही. ते एका खापरीत माती खलत होते. म्हणाले, "तुह्यावर लोकांचा भरोसा पायजे, बापू. माह्यावर नसला त भिंतीचं काय बिघडते?" मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. चित्र त्यांचं, लोक त्यांचे, आता चांगुलपणाही त्यांचाच. माझ्यासाठी त्यांनी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

पुढल्या साली भाऊ चांद्याला गेले. तिथं एका मोठ्या पाट्यावाल्याच्या हाताखाली ठरलेल्या दोन रंगांत ठरलेली अक्षरं काढतात. बहीण म्हणते, जेवताना आता पटकन उठतात. मी एक पत्रक लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात छोटं. रंग पक्का होता, तीन पत्रकं मी चिकटवली, दोष माझा, एवढंच. ते छापून घेतलं आणि नदीकाठच्या गावात घरोघर दिलं. त्या बाईनं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, वाचून दाखव.

मी म्हणालो, घाईत आहे, पुढच्या खेपेला दाखवतो.

पुढची खेप गेल्या आठवड्यात झाली. गावाचं नाव यादीत आलं होतं, नवं छप्पर शाकारलं होतं, आणि बाई ओट्याशी बसून भिंतीचा पिवळा पट्टा ओढत होती. पत्रकाची आठवण तिनं काढली नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या त्या पेंटरभाऊले सांगजो, आम्ही आता रागावलो नाई म्हणा. कच्चा रंग कोणाचाबी निघते. यंदाच्या पडद्याले येजो म्हणा."

मी सांगतो म्हणालो. तिचा हात भिंतीवर संथपणे सरकत होता आणि ओली पिवळी माती वाळता वाळता उजळत होती. पहिल्यांदाच मी एखादी भिंत इतका वेळ पाहत उभा राहिलो. भाऊ असते तर त्यांना विचारलं असतं की या रंगाला काय म्हणतात.

चांद्याची गाडी उद्या सकाळी आहे.