व्हय म्हणायला कुणीतरी

एक नाव टाइप झालं की काका दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, उजवा कान जरासा पुढे करायचे आणि थांबायचे. मग म्हणायचे, "व्हय म्हणा की कुणीतरी." आमच्यापैकी कुणी 'व्हय' म्हटलं की त्यांची बोटं पुढच्या नावाकडे वळायची. कुणीच म्हटलं नाही तर बसून राहायचे. अख्खा दिवस बसायची त्यांची तयारी असायची.

काम करताना गुणगुणणारी, स्वतःशी भांडणारी, जिभेचं टोक बाहेर काढणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मीही पाहिली होती. पण मेलेल्या माणसांची हजेरी घेणारा टायपिस्ट मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमचं ऑफिस सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल-चादरींच्या दुकानाच्या वर. चारी बाजूंना यंत्रमाग. त्यांची खडखड इतकी अंगवळणी पडलेली, की ती थांबली तरच कानाला कळायचं. परदेशातल्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो, कधी सोबत बोलण्याची रेकॉर्डिंगं यायची आणि आम्ही सहा जण ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचो. एकच पान दोघं वेगवेगळं टाइप करायचे, मशीन दोन्ही ताडून पाहायचं आणि जिथे फरक निघेल तिथे खरं कुठलं ते मी ठरवायची. नियम एकच होता, जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते लिहायचं नाही.

काका मंद्रूपहून एसटीने यायचे. साठी उलटलेली. पंचवीस वर्षं कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप केलेले. ऑफिसातला एसी त्यांना सोसायचा नाही, म्हणून खुर्चीवर मांडी घालून पायांवर चादर ओढून बसायचे. रेणुका, आमच्यातली सगळ्यात चपळ टायपिस्ट, विणकराघरची, त्यांना चिडवायची, "काका, बैलावर बसलाय का?"

"बैलावरच बसायचा आमचा बाप," काका म्हणाले, "आसंच पाय झाकून."

मग कळलं, की त्यांचे वडील हेळवी होते. बैलावर बसून गावोगाव जाणारे, शेतकऱ्यांच्या घराण्यांच्या वह्या बाळगणारे, दारात बैल उभा करून सात-सात पिढ्यांची नावं वाचून दाखवणारे. "नाव वाचलं की घरातल्या कुणीतरी व्हय म्हणायचं, ही आमच्या घरची रीत," काका सांगायचे. "कुणीच म्हणलं न्हाय तर वही मिटायची, बैल फिरवायचा. ज्याला जाब न्हाय, त्याच्या फुडं वाचायचं न्हाय."

"आणि तुमच्या घराण्याची वही कोण ठेवतं?" मी विचारलं.

"आमची कुटली वही, ताई? हेळव्याचं नाव हेळव्याच्या वहीत नसतंय." हे बोलून ते हसले होते. मला काही हसू आलं नाही.

त्या वर्षी काम आलं ते नोव्हा स्कोशियाचं. कॅनडाचा समुद्राकाठचा प्रांत. तिथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधल्या चर्चची पुस्तकं होती, जन्म, लग्नं, मृत्यू. यांच्या पूर्वजांना अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत शब्द मिळाला होता, की इंग्रज राजाच्या बाजूने या, गुलामी सुटेल आणि जमीन मिळेल. जहाजं भरून ती माणसं तिथे उतरली. जमीन मिळाली ती गावाबाहेरची, दगडगोट्यांची, आणि बहुतेकांना तिचा कागद मिळालाच नाही. काही जण कंटाळून पुन्हा जहाजात बसले आणि आफ्रिकेला निघून गेले. जे राहिले त्यांचे वंशज अजून तिथेच राहतात, आणि कितीतरी जणांची जमीन अजूनही कागदावर त्यांची नाही. आता सरकार कागद द्यायला निघालं होतं, पण पहिल्या माणसापासून आपल्यापर्यंतची साखळी दाखवावी लागायची.

हे सगळं मी काकांना समजावलं, तर ते म्हणाले, "म्हंजे काम आपलंच हाय की." आणि चादर नीट केली.

त्यातल्या एका आजींची फाइल काकांकडे होती. नव्वदीला टेकलेल्या, एकट्या, खाडीकाठच्या घरात राहणाऱ्या. त्या घराखालची जमीन त्यांची आहे की नाही, हे या फाइलवर ठरणार होतं. आजींनी आपल्या स्वयंपाकघरात बसून पिढ्या सांगितल्याचं रेकॉर्डिंग होतं. एक नाव घ्यायच्या, थांबायच्या आणि खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे स्वतःच हळू आवाजात 'येस' म्हणायच्या. त्यांच्या चर्चमध्ये नावं वाचली की मागून लोक असं म्हणतात, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं.

ते ऐकून काकांनी हेडफोन काढून हातात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," म्हणाले, "तितं बी व्हय म्हणत्यात."

त्याच आठवड्यात एका दुपारी लाइट गेली. एसी बंद, कॉम्प्युटर बंद आणि सगळ्या पेठेतले माग एकदम गप्प. काका खिडकीशी कागद धरून आजींच्या घराण्याची नावं वाचायला लागले. मोझेस. आम्ही म्हटलं, व्हय. हॅना. व्हय. आम्ही तोवर मजेमजेतच म्हणत होतो. तिसऱ्या-चौथ्या नावाला माझ्या अंगावर काटा आला. काका सोडून आम्ही पाच जण होतो आणि आवाज पाचांचा नव्हता. जाड होता, खोलीच्या मागच्या बाजूने येत होता, जिथे आमची फक्त रद्दी असायची. रेणुकाने मुकाट्याने पाय खुर्चीवर घेतले. काकांनी मान वर न करता म्हटलं, "आली माणसं," आणि पुढचं नाव वाचलं.

लाइट आल्यावर चहा मागवला गेला.

आजींच्या साखळीत एक कडी तुटलेली होती. पणजीच्या आईचं नाव आजींना आठवत नव्हतं. "माझ्या आजीने सांगितलं होतं, गेलं डोक्यातून," असं म्हणून त्या बराच वेळ गप्प बसल्या होत्या. आणि चर्चच्या पुस्तकात नेमकी तीच ओळ पाण्याने खाल्लेली. एक तरुण बाई मूल मागे ठेवून वारली, एवढंच वाचता येत होतं.

रेणुकाने तिथे 'वाचता येत नाही' असं लिहिलं. काकांनी लिहिलं, फीबी.

"काका, हे कुठून आणलंत?"

"टेपमधल्या बाईनं सांगितलं की."

"आजींना तर आठवत नाही."

"आजीनं न्हाय. मागं एक बाई हाय. आजी गप बसल्यावर ती बोलती."

मी तो तुकडा तीनदा ऐकला. आजींचा श्वास होता, लांबून वारा होता. दुसरं काही नव्हतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नकारार्थी मान हलवली.

"खोडायचं तर खोडा, ताई," ते शांतपणे म्हणाले. "पन नाव मोठ्यानं घिऊन खोडा. तिला कळू द्या."

मी नाव न घेता खोडलं. मला लाज वाटली होती, इतक्या लोकांसमोर कुठे मोठ्याने बोलायचं. फरकाचा रिपोर्ट साहेबांकडे गेला, खाली सही माझी. नोंदीत नसलेलं नाव घुसवणं म्हणजे खोटी नोंद, असं साहेब म्हणाले आणि काकांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. जाताना चादर घडी करून खुर्चीवर ठेवली. "बाईला जाब मिळाला न्हाय," एवढंच म्हणाले. तिकडे आजींचा दावा साखळी अपुरी म्हणून परत आला.

दोन-अडीच महिन्यांनी त्या पानाचा नवा फोटो आला. वेगळ्या उजेडात काढलेला. पाण्याने खाल्लेली शाई त्यात पुसट तपकिरी दिसत होती. मी स्क्रीनला नाक लावून अक्षरं जुळवली. फीबी. दुसऱ्या बाजूला रेणुकाने टाइप केलं होतं, फीबी. मशीनला काही फरक सापडला नाही.

आजींना त्यांच्या जमिनीचा कागद मिळाल्याची मेल आली, त्या रविवारी मी ती चादर घेऊन मंद्रूपची एसटी धरली.

काका गेले होते. तीन आठवडे झाले होते. काकूंनी मला आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी फळीवरून एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली.

वहीच्या शेवटच्या पानावर काकांच्या अक्षरात आजींचं घराणं होतं, पहिल्या मोझेसपासून खुद्द आजींपर्यंत. मधे फीबी, जिथे असायला हवी तिथेच.

"रोज सकाळी वाचायचे," काकू म्हणाल्या. "मला हितं बसवायचे, व्हय म्हणायला. मी म्हणायची. कोन कुटली मानसं, मला काय ठाव."

मी वाचायला लागले. काकू प्रत्येक नावाला 'व्हय' म्हणत गेल्या. फीबीचं नाव मी दोनदा घेतलं, एकदा खोडताना घ्यायचं राहिलेलं आणि एकदा आत्ताचं. वाचून झाल्यावर पर्समधून पेन काढलं आणि पानाच्या तळाला, जिथे हेळव्याचं नाव कधी नसतं, तिथे काकांचं पूर्ण नाव लिहिलं. मोठ्याने म्हटलं आणि थांबले.

काकूंना हुंदका आवरेना. त्यांच्याने 'व्हय' म्हणवलं नाही.

उत्तर आमच्या मागून आलं, दाराच्या बाजूने. 'येस'. आजींचा आवाज मला पाठ होता, तो हा नव्हता. हा तरुण बाईचा होता.

काकूंनी दाराकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.