ठमीचं कुलूप

ठमीची शेवटची परीक्षा झाली आणि घरात एकापाठोपाठ एक तीन निरोप आले. पहिला मोठ्या लिफ्ट कंपनीचा: आठवडाभर काम करून दाखवा, पटलं तर कायम करू. दुसरा लिफ्टची दारं बनवणाऱ्या कारखान्याचा: कधीही या, जागा तुमचीच आहे. तिसरा परगावच्या कॉलेजचा, की पुढच्या शिक्षणाला तुमचा नंबर लागलाय. दुसऱ्यांच्या घरी असं झालं असतं तर सगळ्यांनी आनंदाने उड्या मारल्या असत्या. मला मात्र पहिल्या निरोपाचीच धास्ती बसली.

ठमी माझी एकुलती एक. लहानपणी बुटकी, गोल आणि हट्टी, म्हणून ठमी. आता बापाच्या खांद्याच्या वर गेली तरी ठमीच. दहा माणसांत बोलायला घाबरत नाही, झुरळाला घाबरत नाही, मला तर अजिबातच घाबरत नाही. तंत्रशाळेत लिफ्ट दुरुस्तीच्या वर्गात एकटी मुलगी होती. मास्तर म्हणाले, "तुझ्यासाठी वेगळं बाक ठेवू का?" ही म्हणाली, "ठेवा, पण पंख्याखाली ठेवा."

हे खूळ तिच्या डोक्यात भरलं तिच्या बापाने. आमचे मिस्त्री जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिला लोक शाफ्ट म्हणतात, आमच्या घरात तिला विहीर म्हणतात. "आज कुठल्या विहिरीत?" असं मी सकाळी डबा भरताना विचारायचे, आणि संध्याकाळी जिन्यावर त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला. शेजारीण म्हणायची, होईल सवय. डोंबलाची सवय! उलट वर्षागणिक भीती वाढतच गेली.

मिस्त्रींचा एक नियम होता आणि त्यात कुणाचं काही चालत नसे. विहिरीत उतरायचं असेल तर आधी मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच गळ्यात ठेवायची, म्हणजे आपण आत असताना दुसऱ्या कुणाला लिफ्ट चालू करता येत नाही. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं. बाहेर आलं की ज्याचं त्याने काढायचं आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं. कुलूप एकतर स्विचवर, नाहीतर कमरेला, त्याला तिसरी जागाच नाही. ठमी शिकायला लागली तेव्हा बापाने तिलाही एक आणून दिलं. तिने त्याला नखांची लाल पॉलिश फासली, का तर म्हणे बाबांच्या कुलपात मिसळायला नको.

तर त्या तीन निरोपांवरून घरात रोज खडाजंगी. मिस्त्री कंपनीच्या बाजूने. त्यांची सारी हयात फुटकळ ठेकेदारांकडे गेली. "मोठं नाव आहे. आमच्यासारखी वणवण तरी नको तिला."

मी म्हणायचे, "तिने शिकावं. पुस्तक अंगावर पडून कुणी मेल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

"आणि कारखाना?"

"कारखानाही चालेल. दारं बनव, घरी ये."

ठमी दोन्ही हात वर करायची. "माझ्या आयुष्याचा निकाल लागला की मला कळवा, मी तोवर आंघोळ करून येते." मनातून तिला कंपनी हवी होती. उंच उंच इमारतींची कामं त्यांच्याकडे. ती कॉलेजला नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. आठवडाभर कंपनीत जाऊन बघते, मग ठरवते म्हणाली. आणि कंपनीने तिला पहिलंच काम दिलं ते मी जिथे नोकरी करते त्या हॉस्पिटलात.

मी हॉस्पिटलच्या तळघरात कपड्यांच्या खोलीत असते. वरच्या वॉर्डांतल्या चादरी, गाऊन, पडदे लिफ्टने खाली येतात, धुऊन, घड्या होऊन वर जातात. लिफ्टचं दार माझ्या टेबलासमोरच. इमारत जुनी, आणि या विहिरीचा तळ उथळ. लिफ्ट पार खाली आली तर तळाशी उभं राहायचं सोडा, माणसाला धड बसताही यायचं नाही. हे मला मिस्त्रींनी कधीतरी सहज सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी फार वाटलं.

तळाशी लिफ्ट थांबवायचं एक बटण असतं, ते बिघडलं होतं. तेच बदलायचं होतं. ठमी आणि कंपनीचा एक जुना मेकॅनिक असे दोघं सकाळी आले. तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. कामावर आई म्हणजे लाजच. वर मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबवली, स्विच पाडला. दोघं माझ्यासमोर दार उघडून शिडीने आत उतरली. मी चादरींच्या घड्या घालत होते, पण घडी एकही सरळ पडेना.

बऱ्याच वेळाने मेकॅनिक हात पुसत वर आला, फोनवर वरच्या साहेबांना "झालं, झालं" म्हणाला आणि चहाला निघून गेला. मी तेवढ्यात मागच्या खोलीतून गाडा आणायला गेले. परत येते तो लिफ्टचं दार बंद. चला, म्हटलं, सुटली बाई. ठमी दुसऱ्या बाजूने वर गेली असेल. मला जरा रागही आला, आईला सांगून जायला काय झालं होतं?

एवढ्यात शस्त्रक्रिया विभागाच्या सिस्टरांचा फोन आला. "मावशी, लिफ्ट कधी सुरू होणार? पेशंट स्ट्रेचरवर खोळंबलाय, डॉक्टर ओरडतायत. तो कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. तुम्ही जरा वर जाऊन बघता का?"

मी जिने चढत गेले. गुडघे कुरकुरत होते, पण ठमीलाही बघता येईल म्हणून गेले. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत कंपनीचे सुपरवायझर खुर्चीत बसलेले, शेजारच्या टेबलावर चहा. मी म्हटलं, "साहेब, पेशंट थांबलाय, सिस्टर विचारतायत."

"झालंय काम. लावतोच बघा चालू," असं म्हणत ते उठले आणि त्यांनी स्विचला हात घातला.

माझी नजर आपसूक स्विचवर गेली. इतक्या वर्षांची खोड. लाल कुलूप नव्हतं. म्हणजे ठमी बाहेर आहे. मला इतकं हलकं वाटलं की मी "हो हो, लावा" म्हणूनही टाकलं.

आणि मग मला टेबलावर, चहाच्या कपाला टेकून, ते लाल कुलूप दिसलं.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. स्विचवर नाही, ठमीच्या कमरेला नाही, मग टेबलावर कसं?   मी त्या माणसाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि लोंबकळलेच त्याला.

"अहो मावशी! काय करताय? हात सोडा!"

"माझी मुलगी कुठाय?"

"कोण मुलगी? अहो तिकडे पेशंट..."

"माझी मुलगी कुठाय ते सांगा, नाहीतर मला मारून टाका आणि मग लावा तुमचा स्विच!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की ते घाबरलेच. दुसऱ्या हाताने त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. "काय रे, तुम्ही दोघं बाहेर आहात ना?" पलीकडचं मला ऐकू आलं नाही. मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं. ते पांढरं पडत गेलं. त्यांनी स्विचवरून हात काढला, स्विचकडे न बघता मागे सरकले आणि खुर्ची कुठे आहे ते चाचपडायला लागले.

"तळ पुसायला खालीच राहिलीय," ते म्हणाले. "कुणी आत पडू नये म्हणून याने दार ओढून घेतलं."

मी म्हटलं, "मला कुलूप द्या." त्यांनी स्वतःचं कंपनीचं कुलूप स्विचला घातलं, किल्ली माझ्या हातात दिली.  पेशंटला शेवटी वॉर्डच्या माणसांनी उचलून जिन्याने नेलं, आणि मी त्याच जिन्याने भिंतीला धरत खाली आले. वाटेत सगळं डोळ्यांसमोर येत होतं, आणि जे झालंच नव्हतं तेच जास्त येत होतं. तळघरात पोचल्यावर ते दार मी दोन्ही मुठींनी बडवायला लागले.

आतून आवाज आला, "कोण आहे गं? आई? एवढं काय बडवतेस, झालंच माझं."

मला वाटतं मी जमिनीवर बसले असेन. मेकॅनिक धावत आला, त्याने दार उघडलं. ठमी शिडीने वर आली, नाकाला काळं लागलेलं. मी तिला एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला इतकं घट्ट धरलं की तिचाच श्वास अडकला.

घरी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कुलूप कुणी काढलं?"

"कुणी काढलं नाही बाबा. मी लावलंच नाही." ठमी खाली मान घालून बोलत होती. "मी खिशातून काढलं तर साहेब हसले. घरून आणलंयस का म्हणाले. आमच्याकडे एकच कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे, आमच्यावर भरवसा नाही का तुझा? मेकॅनिकपण हसला. मला वाटलं, पहिल्याच दिवशी नखरेल म्हणून नाव पडलं तर गेली नोकरी. म्हणून टेबलावर ठेवलं."

"एवढ्यासाठी?"

"मला विहिरीची भीती नाही वाटत, बाबा. तुम्हाला माहितीये. त्यांच्या हसण्याची वाटली. खूप वाटली." आणि ती रडायला लागली. मिस्त्री उठले. नळावर जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीचा फोन. आठवडा पुरा करायची गरज नाही, मुलगी हुशार आहे, आजच कायम करतो. शेवटी हळूच, कालचं कुठे बोलू नका. मी फोन आपटणार होते, पण ठमीने घेतला. "विचार करून सांगते," म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. "अजून विचार? अगं काय अक्कल गहाण ठेवलीस का?"

पण ती खरंच विचार करत होती. नोकरी हातात होती, हवी होती तशी, मोठ्या नावाची. पुढे अशा नोकऱ्या दारात येतील का नाही कोण सांगणार? कॉलेज म्हणजे परगाव, तीन वर्षं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. कारखान्यात ती एकदा जाऊनही आली. "तिथे कुणी हसणार नाही, आई. पण मला तिथे भीतीने लपून बसल्यासारखं वाटेल." या दिवसांत माझी बिनधास्त पोरगी पार बदलली होती. भांडं पडलं तरी दचकायची. एकदा आम्ही बाजारात गेलो, तिथे लिफ्ट होती. ही दारात उभी राहिली, आत पाय टाकेना, मागचे लोक चिडले, आम्ही जिन्याने गेलो. तिची ती अवस्था बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. आणि खरं सांगते, मनात एक आशाही होती, की आता तरी हे खूळ उतरेल.

मग एका दुपारी तिने कंपनीला नाही कळवलं आणि कॉलेजला हो. मी तर नाचायचीच बाकी होते! मिस्त्रींनाही पटलं. मी स्वतः तिची बॅग काढली, कपडे इस्त्री केले. घडी घालता घालता सहज विचारलं, "तीन वर्षांनी काय होशील गं? ऑफिसात बसशील ना?"

ती म्हणाली, "आई, तू आजवर विचारलंच नाहीस. तपासनीस होईन. लिफ्ट बरोबर आहे का नाही ते बघणारी."

"म्हणजे कागदावर सही करायची."

"सही नंतर. आधी उतरून बघायचं. जिथे तक्रार आहे, जिथे काही बिघडलंय, जिथे कुणाला काही झालंय, तिथे सगळ्यात आधी मी उतरायचं. आणि पटलं नाही तर सगळी लिफ्ट बंद ठेवायचा अधिकार. मग हसू दे कुणाला हसायचं तर."

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. मिस्त्री चांगल्या-वाईट कशाही विहिरीत गेले. ही फक्त वाईटच विहिरींत जाणार. मी हट्टाने, भांडून, तिच्या बापाशी अबोला धरून तिला याच रस्त्याला लावत होते.

"अगं, पण तुला तर बाजारातल्या लिफ्टमध्येही पाय टाकवत नाही," मी म्हटलं.

"नाही टाकवत."

"मग?"

"मला फार भीती वाटतेय, आई," ती म्हणाली. "जाऊ नको म्हणू नकोस हं. तू म्हणालीस तर मी थांबेन."

तेवढं एकच वाक्य मला म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. मी त्या शर्टाची पुन्हा घडी घातली, तो बॅगेत ठेवला आणि तिला म्हटलं, "चेन ओढ, माझ्याच्याने ओढवत नाही."