पेशीकाकू

माझी धाकटी जाऊ दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजतेय. जेवतानासुद्धा तिची बोटं ताटाच्या कडेवर मोजणीची टकटक करत असतात. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं तिचं नाव ठेवलंय पेशीकाकू. मला ते नाव कधीच आवडलं नाही.

गेल्या आठवड्यात लेकीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासू." कपाळावर पट्ट्या ठेवत होते मी, आणि ही बया विचारत होती, "काकू कधी येणार?"

काकू आली, पलंगावर मांडी घालून बसली.

"माझा घसा का सुजलाय गं?"

"तुझ्याच पेशींनी सुजवलाय! विषाणू पेशीत घुसला, की आतल्या पहारेकऱ्यांना त्याचं सामान दिसतं. त्याची ठेवणच वेगळी, लगेच ओळखतात. मग आरडाओरडा. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावत येतात. घसा लाल होतो, फुगतो."

"आणि ताप?"

"तो आरडाओरडा मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू म्हणतो, वाढवा आच!"

हेच लेकीनं सकाळी मला विचारलं होतं. मी पदवीधर बाई, म्हणाले होते, "गप पडून राहा."

तिसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधलं काम संपवून काकू यायची होती, ताप असलाच तर रक्त घ्यायला. तासभर आधीच मी लेकीला तापाचं औषध पाजलं. पोर माझ्या हातून बरी झालेली तिला दिसावी, दुसरं काही नाही. काकूनं येऊन थर्मामीटर लावला, नव्व्याण्णव. "वा ताई, सुई टळली!" म्हणत ती गेली. औषधाबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

दिवेलागणीनंतर ताप एकशे तीन. पोर बरळायला लागली. काकूला फोन करून सगळं कबूल केलं.

"अहो, औषध दिलंत त्यात काही चुकलं नाही," ती म्हणाली. "पण मला सांगितलं का नाहीत?"

ती डॉक्टरांशी बोलून आली, रक्त घेऊन गेली.

सकाळी तिचा फोन. "घाबरू नका ताई, विषाणूचाच ताप आहे, डॉक्टरांनीही रिपोर्ट बघितलाय. जरा तिला द्या ना फोन."

मी दिला. ऐकायचं नाही असं ठरवूनही दाराशी थांबलेच. चार दिवसांत पोरगी पहिल्यांदा खळखळून हसली. ते हसू मला हवंच होतं. फक्त ते माझ्यामुळे यायला हवं होतं.